बारा मैलांची रेघ आणि आवाजी मतदान

थंडीत गावी गेलो होतो तेव्हाची गोष्ट. रात्री जेवण झाल्यावर काकांबरोबर किनाऱ्यावर जाऊन बसलो. अमावस्या तोंडावर आलेली, समोर नुसता काळोख असायला हवा होता. पण लांब पाण्यावर ओळीने पांढरेफटक दिवे लागलेले. काका विडी पेटवत म्हणाले, "बघ, कोणाचा तरी लगीन आसा वाटता."

त्या दिव्यांखाली काय चालतं हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. जनरेटर चालवून झगझगीत एलईडी लावायचे, उजेडाला मासळी गोळा होते, त्यात मोठी आली, अंड्यांवरची आली, पिल्लंही आली. मग भोवती पर्ससीनचं जाळं फिरवून तळाची दोरी आवळायची. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये यावर बंदी घातली. राज्याने १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा २०२१ मध्ये सुधारला आणि एलईडीसाठी ५ ते २० लाखांपर्यंत दंड ठेवला. म्हणजे दिवे किनाऱ्यापासून बारा मैलांच्या आत असोत की बाहेर, दोन्हीकडे बेकायदाच. आणि तरी रोज रात्री मांडव सजतो.

काकांनी मला विचारलं, "तू पेपर वाचतंस, टीव्ही बघतंस. तिकडे संसदेत आमच्या ह्या दर्याबद्दल कधी बोलतत काय?"

मी तेव्हा काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. मुंबईला परतल्यावर मात्र नीट बसून शोधलं. जे सापडलं ते लिहितोय. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगतो.

आधी ती बारा मैलांची भानगड. राज्यघटनेच्या राज्यसूचीत २१ वी नोंद मत्स्यव्यवसायाची आहे. केंद्रसूचीत ५७ वी नोंद आहे, प्रादेशिक जलक्षेत्राबाहेरच्या मासेमारीची. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत राज्याचा अंमल, तिथून २०० मैलांपर्यंत केंद्राचा. कागदावर ठीक दिसतं. पाण्यावर काय होतं? आठ वाव पाण्यात, म्हणजे जेमतेम पंधरा मीटर खोलीवर पर्ससीन बोट पकडली की तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, सांगतो, "बाहेर मारलंय साहेब, आता बंदराला चाललोय." बोट बाहेर जायची आणि बंदरात यायची ती राज्याच्याच पाण्यातून, त्यामुळे त्याचं म्हणणं खोटं पाडणं सोपं नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्याने पर्ससीनवर कडक निर्बंध आणले, पण या रेघेच्या पळवाटेने त्यातला बराचसा जोर काढून घेतला. गस्ती नौका असते, तेव्हा डिझेल नसतं. डिझेल असतं तेव्हा सुट्टी असते. (हे मी ऐकीव सांगत नाही. एकदा तक्रार द्यायला काकांबरोबर मीच गेलो होतो. कुठल्या कार्यालयात, ते राहू दे.)

बरं, रेघेपलीकडे केंद्राचा कायदा काय? इथे खरी गंमत आहे.

जुलै २०२१ च्या पावसाळी अधिवेशनाच्या कामकाजात भारतीय सागरी मत्स्यव्यवसाय विधेयक दाखवलेलं होतं. केरळ-तामिळनाडूच्या किनाऱ्यांवर मच्छीमार उठले, तामिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांनी पंतप्रधानांना पत्र लिहिलं. विधेयक मांडलंच गेलं नाही. विरोध होता म्हणून थांबलं, इथपर्यंत मी समजू शकतो. पण मग मसुदा दुरुस्त करून, समितीकडे पाठवून, किनाऱ्यावरच्या माणसांना बोलावून पुन्हा आणायचं ना! त्याऐवजी नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याखाली थेट नियमच अधिसूचित केले. नियम सभागृहाच्या पटलावर ठेवतात म्हणे. पटलावर रोज कागदांचा केवढा ढीग पडतो आणि त्यातला कोण किती उघडून बघतो, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

नियम वाईट आहेत असं मी म्हणत नाही, उगाच कोणी अंगावर येऊ नका. त्यात परदेशी जहाजांना मज्जाव आहे. एलईडी आणि दोन बोटींनी मिळून ओढायच्या ट्रॉल जाळ्याला बंदी आहे. लहान पारंपरिक होड्यांना तिथे मासेमारीच्या पासची सक्ती नाही, सहकारी संस्थांना प्राधान्य आहे. वाचून मलाही बरं वाटलं. पण त्यातच खोल समुद्रात उभं राहणारं मोठं 'मदर' जहाज आणि त्याच्याकडे माल पोचवणाऱ्या लहान बोटी अशी कल्पनाही आहे. ते जहाज घ्यायची ऐपत कोणत्या सोसायटीची? नावाला सोसायटी आणि मागे पैसेवाला, असं झालं तर तपासणार कोण? हे प्रश्न सभागृहात कोणीतरी उभं राहून विचारायचे असतात आणि मंत्र्याने त्यांची उत्तरं रेकॉर्डवर द्यायची असतात. अधिसूचनेला कोणी प्रतिप्रश्न करू शकत नाही.

आणि जे विधेयक म्हणून आलं, त्याचं काय झालं तेही बघा. समुद्रतळातल्या खनिजांच्या कायद्याची दुरुस्ती १ ऑगस्ट २०२३ ला लोकसभेत मंजूर झाली, तीही मणिपूरवरून गोंधळ चालू असताना, आवाजी मतदानाने. दोन दिवसांनी राज्यसभेतही. खाण उत्पादनाचा पट्टा पन्नास वर्षांचा! माझ्या मुलाची पोरं मोठी होतील तोवर. मणिपूरवर बोललं जायलाच हवं होतं, त्याबद्दल दुमत नाही. पण गोंधळ आहे म्हणून विधेयकं रेटून घ्यायची, ही सवय कुठल्याही पक्षाच्या सरकारला शोभत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये समुद्रतळातल्या खाणींचे पहिले १३ ब्लॉक लिलावाला काढले. त्यातले तीन कोल्लमसमोरचे, बांधकामाच्या वाळूचे. ते पाणी केरळातल्या मच्छीमारांचं हक्काचं मासळीचं ठिकाण. तिकडे किनारपट्टीवर बंद पाळला गेला, मार्च २०२५ मध्ये केरळ विधानसभेने एकमताने विरोधाचा ठराव केला. दीड वर्ष आधी दिल्लीत जे बोलायचं होतं ते असं रस्त्यावर बोलावं लागलं.

पूर्वी असंच होतं का? नाही. १९९१ मध्ये खोल समुद्र परदेशी भागीदारीच्या जहाजांना खुला केला, तेव्हा देशभरचे मच्छीमार पेटून उठले. सरकारला मुरारी समिती नेमावी लागली. ४१ जणांची समिती, त्यात खासदारही घेतलेले. फेब्रुवारी १९९६ मध्ये तिने २१ शिफारशी दिल्या, परवाने रद्द करा असं स्पष्ट सांगितलं, आणि ते धोरण मागे घ्यावं लागलं. त्यातल्या सगळ्या शिफारशी अमलात आल्या नाहीत, तो वेगळा विषय. पण निदान कोणीतरी ऐकून घेतलं होतं.

पर्ससीनवाल्याला राक्षस ठरवायला मी हे लिहीत नाही. तोही आपल्यातलाच, डोक्यावर बँकेचं कर्ज, बोटीवर नेपाळहून आलेले खलाशी. यंत्रं घ्या, मोठ्या बोटी बांधा, असं सरकारनेच अनुदान देऊन सांगितलं. मासळी किती उरलीय हे मोजायचं मात्र राहून गेलं. २०१९ मध्ये राज्याच्या किनाऱ्यावर उतरलेली मासळी २.०१ लाख टनांवर आली, पंचेचाळीस वर्षांतली सर्वांत कमी. आदल्या वर्षी २.९५ लाख टन होती. वादळांचाही त्यात वाटा होता, हे खरं.

मला वाटतं ते एवढंच: बारा मैलांबाहेरच्या मासेमारीचा कायदा विधेयक म्हणून यावा, संसदीय समितीसमोर जावा, आणि समितीने रत्नागिरी, मालवण, सातपाटीला येऊन बसावं. गस्तीसाठी राज्य आणि तटरक्षक दलाने त्या रेघेवर एकत्र असावं. आणि मासेमारी बोटींवर बसवायचे ते एक लाख ट्रान्सपॉन्डर! ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला, वाढवण बंदराच्या पायाभरणीच्याच कार्यक्रमात त्यांचा शुभारंभ झाला. बोट कुठे आहे हे त्यातून कळतं. मग "बाहेर मारलंय साहेब" हे तपासायला वापरा की.

काकांना फोनवर हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बरा." बस.

त्या रात्रीनंतरच्या सकाळी रापण ओढली होती. होडीने अर्धगोल घालून जाळं सोडलं, मग दोन्ही टोकांना दोऱ्या धरून आम्ही चाळीसेक जण दीड तास ओढत होतो. माझे तळहात सोलवटले, बायका हसल्या. जाळ्यात तीन टोपल्या बांगडे, थोडी तारली, बाकी जेलीफिश आणि प्लास्टिक. होडीचा आणि जाळ्याचा वाटा आधी निघाला. काकांच्या वाट्याला नऊ बांगडे आले. त्यातले सहा त्यांनी माझ्याच पिशवीत घातले, मुंबईला न्यायला.