चॅप्टर केस म्हणजे शिक्षा नव्हे
सध्या एक मेसेज फिरतोय की चॅप्टर केसमध्ये (भांडण वाढू नये म्हणून आधीच होणारी प्रतिबंधक कारवाई) बाँड म्हणजे हमीपत्र दिलं की गुन्हा सिद्ध झाला. हे साफ चुकीचंय, कृपया पुढे पाठवू नका. बीएनएसएस म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 126 (जुन्या सीआरपीसीचं, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचं 107) खाली नोटीस काढतो तो कार्यकारी दंडाधिकारी, म्हणजे बऱ्याचदा आपला तहसीलदारच, मुंबईत एसीपी (सहायक पोलीस आयुक्त). तिथं गुन्ह्याचा खटला चालत नाही, पुढं शांतता बिघडू नये म्हणून जास्तीत जास्त वर्षभराचं हमीपत्र घेतात, बस्स. बांधावरनं भांडलेल्या दोन्ही भावांना अशी नोटीस येते, घरात रडारड होते, आणि खरं तर नोटिशीत काय माहिती मिळाली, किती रकमेचा बाँड, किती मुदत हे लिहिलेलंच पाहिजे, ते आधी वाचा. वकीलही देता येतो.