ईएनसी आणि एएनसी एक नाही हो

इअरबड्सवरच्या या लेखात लिहिलंय की "बजेट कमी असेल तर ईएनसीवाले बड्स घ्या, प्रवासात बाहेरचा आवाज येत नाही", हे चुकीचंय, प्लीज दुरुस्त करा. ईएनसी म्हणजे एन्व्हायर्नमेंटल नॉइज कॅन्सलेशन, ते माईकसाठी असतं, आपण फोनवर बोलताना आजूबाजूचा गोंगाट समोरच्याला कमी जातो एवढंच, आपल्या कानात येणारा आवाज त्याने तसूभरही कमी होत नाही. ते काम एएनसीचं, म्हणजे अ‍ॅक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशनचं. मी यातच फसलोय. साताऱ्यात पोवई नाक्यावरून १२०० रुपयांचे घेतले, दुकानदार पण हेच म्हणाला, आणि सोमवारी पहाटे स्वारगेटच्या एसटीत बसलो तर इंजिनच्या घरघरीत काही कळेना, मग आवाज फुल, शिरवळ येईपर्यंत कान दुखायला लागले.

आणि इअरटिप्सबद्दल लेखात एक ओळ पण नाही! बॉक्समध्ये तीन साईजच्या रबरी टिप्स येतात, बहुतेक जण आधीच लावलेली मधलीच वापरत राहतात. मी पण सहा महिने तेच केलं, नंतर मोठी लावून बघितली तर कान नीट बंद झाला, घरघर बरीच कमी झाली आणि बेस पण सुधारला, कारण फट राहिली की पहिला बेसच जातो. एका कानाला मोठी आणि दुसऱ्याला मधली लागली तरी चालतं, माझं तसंच आहे. दीड हजाराच्या आत एएनसीच्या मागे लागण्याआधी हे करून बघा, पैसे लागत नाहीत. फक्त गाडी चालवताना दोन्ही कानात घालू नका, हॉर्न खरंच ऐकू येत नाही.