‘अमेरिकेतली खेडी म्हणजे ट्रम्प’ हे व्हरमाँटला कुणी कळवलं नाही वाटतं

अमेरिकेचा तो लाल नकाशा तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. २०२०च्या अध्यक्षीय निवडणुकीचा, काउंटीवार (म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या भागांनुसार) रंगवलेला: लाल म्हणजे ट्रम्प यांचा रिपब्लिकन पक्ष, निळा म्हणजे बायडन यांचा डेमोक्रॅटिक. देश बहुतेक सगळा लालभडक, अधूनमधून निळे ठिपके. खाली मजकूर साधारण असा: अमेरिकेतला गावाकडचा माणूस पहिल्यापासून रिपब्लिकन, तो शेतकरी, कष्टाळू, त्याने ट्रम्प यांना निवडलं होतं, पण चार शहरांनी मिळून त्याचा आवाज दाबला आणि बायडन आले. शेवटी ‘आपल्याकडेही हेच चाललंय’ अशी फोडणी.

यातलं खरं तेवढं आधी मान्य करू. देशभरातल्या ग्रामीण मतदारांपैकी साधारण दोन तृतीयांशांनी २०२०मध्ये ट्रम्प यांनाच मत दिलं. त्यावर वाद नाही. वाद आहे तो त्या एका आकड्यावर चढवलेल्या बाकीच्या इमल्याशी.

‘गाव म्हणजे रिपब्लिकन’

अमेरिकेतलं सगळ्यात ग्रामीण राज्य कोणतं? २०२०च्या जनगणनेनुसार व्हरमाँट. ईशान्येला, कॅनडाच्या सीमेला लागून. जवळपास ६५ टक्के लोक ग्रामीण भागात राहतात. एवढं प्रमाण दुसऱ्या कुठल्याच राज्यात नाही. सगळ्यात मोठं शहर बर्लिंग्टन, वस्ती ४५ हजारांच्या आत. राजधानी माँटपेलियर जेमतेम आठ हजारांची. आपल्याकडे एवढ्या वस्तीला ग्रामपंचायत असते. लोक बहुतांशी गोरे, दहातले नऊ. फॉरवर्डच्या हिशेबाने हा ट्रम्प यांचा बालेकिल्लाच असायला हवा.

निकाल काय लागला? बायडन ६६.१ टक्के, ट्रम्प ३०.७. पन्नास राज्यांत बायडन यांना याहून मोठी टक्केवारी कुठेच मिळाली नाही. चौदा काउंट्यांपैकी एकच ट्रम्प यांच्याकडे गेली: ईशान्य कोपऱ्यातली, सहा हजार वस्तीची एसेक्स.

आता उलटी बाजू. ट्रम्प यांना सर्वाधिक टक्के देणारं राज्य वायोमिंग, जवळपास ७०. नाव घेतलं की माळरान आणि काउबॉय आठवतात. पण जनगणनेच्या व्याख्येने तिथले साठ टक्क्यांहून जास्त लोक शहरी ठरतात, कारण माळरानावर फारसं कुणी राहतच नाही. वस्ती शायेन, कॅस्पर अशा ठिकाणी एकवटलेली आहे. म्हणजे एकाचं सर्वोत्तम राज्य सगळ्यात ग्रामीण, आणि दुसऱ्याचं बहुसंख्येने शहरी.

व्हरमाँट हा एकटाच अपवाद, असंही नाही. साउथ डकोटातल्या ओग्लाला लकोटा काउंटीत, म्हणजे आदिवासींच्या राखीव प्रदेशात, बायडन यांना दहापैकी आठांहून जास्त मतं पडली. मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातल्या कृष्णवर्णीयांच्या गावांचं चित्रही डेमोक्रॅटिकच. पण फॉरवर्डमधल्या ‘गावाकडच्या माणसा’चा रंग ठरलेला असतो, त्यात ही माणसं बसत नाहीत.

‘पहिल्यापासून’

मला सगळ्यात खटकतो तो हा शब्द. त्यासाठी दोन राज्यं शेजारी ठेवून बघू: व्हरमाँट आणि वेस्ट व्हर्जिनिया. दोन्ही डोंगराळ, दोन्ही निम्म्याहून अधिक ग्रामीण, दोन्हीकडे वस्ती नव्वद टक्क्यांच्या आसपास गोरी, दोन्हीकडे मोठं शहर असं नाहीच. २०२०मध्ये वेस्ट व्हर्जिनियाने ट्रम्प यांना ६८.६ टक्के मतं दिली, व्हरमाँटने बायडन यांना ६६.१.

आणि १९८८ साली? व्हरमाँट थोरल्या बुश यांच्याकडे, वेस्ट व्हर्जिनिया डेमोक्रॅट डुकाकिस यांच्याकडे. नेमकं उलटं.

व्हरमाँट तेव्हा काही चुकून रिपब्लिकन नव्हतं. १८५६ ते १९८८ या ३४ अध्यक्षीय निवडणुकांत त्याने डेमोक्रॅटला कौल दिला तो फक्त १९६४ला, जॉन्सन यांना. १९३६मध्ये रूझवेल्ट यांनी ४८पैकी ४६ राज्यं घेतली; न झुकलेली दोन म्हणजे मेन आणि व्हरमाँट. उलट वेस्ट व्हर्जिनियाने १९३२ ते १९९६ या १७ निवडणुकांत रिपब्लिकनांना फक्त तीनदा साथ दिली. तिथे कोळशाच्या खाणी होत्या, खाणकामगारांची जबरदस्त युनियन होती, आणि युनियन म्हणेल तिकडे घरंच्या घरं जात. १९५०च्या सुमारास लाखावर असलेले खाणकामगार पुढे दहा-पंधरा हजारांवर आले. युनियन खिळखिळी झाली, मग बंदुका, गर्भपात, कोळसा विरुद्ध पर्यावरण हे विषय वर आले. २००० साली राज्य धाकट्या बुश यांच्याकडे गेलं. अध्यक्ष ठरतो तो राज्याराज्याला वाटून दिलेल्या इलेक्टोरल मतांवर; तिथली अशी पाच मतं डेमोक्रॅट उमेदवार अल गोर यांना मिळाली असती, तर फ्लोरिडातल्या फेरमोजणीचा तो सगळा तमाशा होऊनही ते अध्यक्ष झाले असते. डोंगर तेच, गावं तीच.

व्हरमाँटचं उलट झालं. तिथले रिपब्लिकन जुन्या वळणाचे, काटकसरी आणि कुणाच्या खासगीत नाक न खुपसणारे. ज्याला त्याला कम्युनिस्ट ठरवत सुटलेल्या सिनेटर मॅकार्थी यांच्या निषेधाचा ठराव १९५४मध्ये मांडला तो व्हरमाँटच्याच राल्फ फ्लँडर्स या रिपब्लिकन सिनेटरने. पक्षाचा गुरुत्वमध्य जसजसा दक्षिणेकडे आणि धार्मिक राजकारणाकडे सरकला, तसतशी ही मंडळी उपरी होत गेली. २००१मध्ये व्हरमाँटचे सिनेटर जिम जेफर्ड्स यांनी पक्ष सोडला आणि ५०-५० अशा सिनेटची सूत्रं डेमोक्रॅट्सकडे गेली.

‘ते खरे गावकरीच नाहीत’

व्हरमाँटचं नाव काढलं की ठेवणीतलं उत्तर येतं: तिथे न्यूयॉर्कहून आलेले शहरी डावे राहतात. अर्धसत्य आहे. महामार्ग झाले, साठ-सत्तरच्या दशकांत शेती करायला, मोकळं जगायला म्हणून तरुण आले. १९६०ची ३ लाख ९० हजार लोकसंख्या १९८०मध्ये ५ लाख ११ हजारांवर गेली. अशा उपऱ्यांना स्थानिक लोक ‘फ्लॅटलँडर’ म्हणतात. व्हरमाँटचे डावे सिनेटर बर्नी सँडर्स मूळचे न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचेच. पण ही लाट येऊन स्थिरावल्यावरही राज्याने दोनदा रेगन आणि एकदा बुश निवडले, हे कसं बसवायचं?

आणि फिल स्कॉट यांचं काय करायचं? बॅरी या ग्रॅनाइटच्या खाणींच्या गावात जन्मलेले, बांधकाम व्यवसायातले, हौसेने मोटारींच्या शर्यतीत उतरणारे रिपब्लिकन गव्हर्नर. २०२०मध्ये त्याच दिवशी त्यांना ६८.५ टक्के मतं मिळाली, बायडन यांच्याहूनही जास्त. साधी बेरीज केली तरी निदान एक तृतीयांश मतदारांनी अध्यक्षपदाला डेमोक्रॅट आणि गव्हर्नरपदाला रिपब्लिकन अशी खूण केलेली दिसते. स्वतः स्कॉट यांनी मत देऊन आल्यावर पत्रकारांना सांगून टाकलं की आपण बायडन यांना मत दिलं. यांना शहरी डावे म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

‘शेतकरी’

यावर फार शाई घालवत नाही. अमेरिकेत प्रत्यक्ष शेतात काम करणारे एकूण रोजगाराच्या दोन टक्क्यांहूनही कमी आहेत. गावाकडची बहुतेक माणसं शाळा, इस्पितळ, दुकान, कारखाना, ट्रक यांवर जगतात. दुधासाठी प्रसिद्ध असलेल्या व्हरमाँटमध्येही चाळीसच्या दशकातले अकरा हजार दुग्धव्यावसायिक २०२०पर्यंत सातशेच्या आत आले होते.

‘शहरांनी आवाज दाबला’

नकाशा जमीन रंगवतो, माणसं नाही. लोकसभेचा नकाशा बघताना गडचिरोली केवढं पसरलेलं दिसतं आणि मुंबईच्या सहा जागा भिंग लावून शोधाव्या लागतात, त्यातलाच प्रकार. शिवाय एकेका काउंटीला एकच रंग. लॉस एंजेलिस काउंटी निळी दिसते, पण तिथे ट्रम्प यांना अकरा लाखांवर मतं पडली. वायोमिंग आणि वेस्ट व्हर्जिनिया या त्यांच्या दोन गडांतली मतं एकत्र केली तरी तेवढी होत नाहीत. देशभरात बायडन यांना ८ कोटी १० लाखांहून जास्त मतं होती, ट्रम्प यांना ७ कोटी ४० लाखांहून जास्त.

दाबण्याचं म्हणाल तर इलेक्टोरल कॉलेजचा, म्हणजे त्या राज्यवार मतांच्या पद्धतीचा, काटा छोट्या राज्यांकडेच झुकलेला आहे. कितीही छोटं राज्य असलं तरी निदान तीन मतं मिळतातच. त्यामुळे व्हरमाँटमध्ये साधारण दोन लाख माणसांमागे एक मत पडतं, कॅलिफोर्नियात सात लाखांमागे एक. मेन राज्य तर आपली मतं मतदारसंघानुसार वाटतं. तिथला उत्तरेकडचा दुसरा मतदारसंघ हा देशातल्या सर्वांत ग्रामीण मतदारसंघांपैकी एक; २००८ आणि २०१२मध्ये तो ओबामांचा होता, २०१६पासून ट्रम्प यांचा. २०२०मध्ये बायडन यांनी मेन जिंकलं, तरी या मतदारसंघाचं एक मत ट्रम्प यांच्याच खात्यात मोजलं गेलं.