‘चक्कर आली म्हणून आणलं, तर पोट कशाला तपासलं?’ या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार. तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. आईंना चक्कर येते, तोल जातो म्हणून आणलं. मेंदूचा एमआरआय नॉर्मल आला, तरी आम्ही पोटाचा सीटी, मॅमोग्राफी आणि रक्ताची महागडी तपासणी लिहून दिली, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, आणि काही सापडलं नाही तरी चार महिन्यांनी परत बोलावलं. ही कट प्रॅक्टिस आहे, असं तुमचं म्हणणं.

आईंचे रिपोर्ट मी इथं उघड करणार नाही, कुणाचेच करत नाही. सर्वसाधारण तेवढं सांगतो.

कूस बदलली की गरगरतं, असे पेशंट आमच्याकडे रोज येतात. त्यांना सीटी लागत नाही. पण साठीची बाई काही आठवड्यांतच भिंत धरून चालायला लागली, चहाचा कप ओठांशी नेताना हात भरकटायला लागला, जीभ जड झाली, तर दुखणं लहान मेंदूत असतं. त्याचं मूळ मात्र कधीकधी अंडाशयात किंवा स्तनात निघतं. एरवी लहान मेंदूतल्या पर्किंजे पेशींत, म्हणजे हालचालींचा ताळमेळ राखणाऱ्या पेशींत, असणारी प्रथिनं तिथल्या कॅन्सरच्या गाठीत तयार होतात. शरीर गाठीवर तुटून पडतं आणि त्यात या पेशीही मारल्या जातात. रक्तातली ‘अँटी-यो’ अँटिबॉडी ही त्याच हल्ल्याची खूण. एमआरआय सुरुवातीला बहुधा स्वच्छच असतो, लहान मेंदू आक्रसलेला दिसतो तो पुढे. पोटाची तक्रार तर बहुतेकदा नसतेच. अशा निम्म्याहून जास्त बायकांत तोल आधी जातो आणि कॅन्सर नंतर सापडतो.

गाठ कधी इतकी बारीक असते की पहिल्या स्कॅनमध्ये दिसत नाही. म्हणून जिथं संशय दाट आहे तिथं दर चार ते सहा महिन्यांनी, दोन वर्षं शोध चालू ठेवा, असं या आजारांसाठीच्या २०२१च्या आंतरराष्ट्रीय निकषांत सांगितलंय. मेलेल्या पर्किंजे पेशी परत येत नाहीत. तेव्हा ‘बघू पुढं’ हा सल्ला मी देणार नाही, खिशाला कितीही परवडला तरी.

अँटिबॉडीची तपासणी महाग आहे, हे खरंय. ते पैसे लॅबचे, मला परत करता येणार नाहीत. आमच्या चिठ्ठीवर कुठल्याही सेंटरचं नाव नसतं. पुढचा स्कॅन सरकारी रुग्णालयात केलात तरी चालेल. दुसऱ्या न्यूरोलॉजिस्टचं मत घ्यायचं असेल तर रिसेप्शनवर फाईलची प्रत मागा, तिचे पैसे घेत नाही. आमच्याकडे नाही आलात तरी हरकत नाही, पण चार महिन्यांनी आईंना कुठंतरी नक्की दाखवा.