फ्रिज नेणार का ठेवणार?

रविवारी सकाळी दात घासत बाहेर आलो, तर शेजारचे तात्या आमच्या फ्रिजची रुंदी मोजत होते.

मोजत होते म्हणजे वीत लावून अंदाज घेत नव्हते. हातात पोलादी टेप, कानावर पेन्सिल आणि आकडे मांडायला गेल्या महिन्याचं कॅलेंडरचं पान, असा सगळा सरंजाम होता. तात्या पाटबंधारे खात्यातून ओव्हरसिअर म्हणून निवृत्त झाले, त्यामुळं त्यांच्याकडं टेप असणं मी समजू शकतो. ती आमच्या स्वयंपाकघरात का आली, हे मला अजून पुरतं समजलेलं नाही. जेवढं समजलंय, त्याचा राग अजून गेलेला नाही.

झालंय इतकंच, की बेंगलोरच्या एका कंपनीनं मला बोलावलंय. पगार इथल्या दुपटीच्या जरासा खाली. जायचं की नाही, हे ठरलेलं नाही. रात्री जेवताना मी जायच्या बाजूनं बोलतो तेव्हा बायको राहायच्या बाजूनं बोलते, आणि मी तिचं पटवून घेतो तोवर ती माझ्या बाजूला येऊन बसलेली असते. मध्यंतरी तिनं माळ्यावरची पुस्तकं भरायला वाण्याकडून दोन रिकामी खोकी आणली. सांगलीच्या गावभागात दोन खोकी म्हणजे बिऱ्हाड हललं.

"काय रे, जायलायस म्हणं बेंगलोरला?"

तोंडात फेस होता म्हणून मी नुसती मान हलवली. मी 'नाही' म्हणून हलवली, तात्यांनी 'हो' म्हणून घेतली.

"अठ्ठावीस इंच," ते स्वतःशीच म्हणाले आणि लिहून ठेवलं. "ह्यो न्हेणार का ठेवणार?"

मी चूळ भरून आलो. "तात्या, अजून काही ठरलेलं नाही."

"ठरंल की. फ्रिजचं आधी ठरवून टाक. ठेवणार असशील तर माझं कपाट हितं बसत न्हाई."

तात्यांचं कपाट आमच्या स्वयंपाकघरात कशाला बसायला हवं, यासाठी थोडं मागं जावं लागेल. त्यांचं घर बैठं. आमचं वरच्या मजल्यावर, खाली गोडाऊन. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेली. इशारा ४० ला असतो, धोका ४५ ला. त्यापुढचं काय म्हणायचं ते कुणी ठरवलेलंच नव्हतं. तात्या आणि काकू देव्हारा, टीव्ही आणि गॅसची टाकी घेऊन वर आमच्याकडं आले. पाणी आमच्या जिन्यात शिरलं तेव्हा सगळेच बोटीतून बाहेर पडलो. टीव्ही मात्र आमच्या माळ्यावर सुखरूप राहिला. २०२१ ला तेच बिऱ्हाड पुन्हा वर. त्या मुक्कामांत तात्यांना आमच्या घरातलं चहा-साखरेच्या डब्यापासून कडी न लागणाऱ्या खिडकीपर्यंत सगळं तोंडपाठ झालं, आणि आमचा वरचा मजला ही गल्लीची सार्वजनिक सोय आहे, अशी त्यांची समजूत झाली. ती काढायची कशी, हे मला कधी जमलं नाही.

"म्हणजे असं बघ," तात्या खुर्ची ओढून बसले. बायकोनं चहा टाकला होता. या सगळ्यात तिचा किती हात आहे, हे मी अजून विचारलेलं नाही. "तू जाणार. घर बंद ऱ्हाणार. पाणी आलं की आम्ही चढायचं कुठं? किल्ली कुणाकडं ठेवणार?"

"आई इथंच राहायचं म्हणतीय."

"वैनींना रात्री कुठं उठवायचं? त्यापेक्षा सरळ भाड्यानं दे मला. जून ते सप्टेंबर."

"आणि बाकीचे आठ महिने?"

"बाकीचे आठ महिने तुझंच की घर!"

हे ते अशा उदारपणे म्हणाले, की क्षणभर मलाच ओशाळल्यासारखं झालं. पावसाळी भाडेकरू ही कल्पना तात्यांच्या डोक्यात आजची नसावी, कारण कॅलेंडरच्या पानामागं आमच्या घराचा नकाशा तयार होता. आमच्या बेडरूममध्ये 'काकू' लिहिलेलं होतं. माझ्या टेबलाच्या जागी 'तांदूळ'.

"भाडं किती?" मी उगाच विचारलं.

"भाडं?" तात्या दुखावले. "आपल्यात भाडं कसलं? लाइटबिल भरंन मी."

मग त्यांनी चहाचा घोट घेतला आणि आवाज खाली आणला. आता ते 'जाऊ नकोस' म्हणतील, असं मला वाटलं. खरं सांगतो, मी ते ऐकायला तयार होऊन बसलो होतो. लहानपणी त्यांनी मला कृष्णेत पोहायला शिकवलं. डबा पाठीला बांधून ढकलून दिलं आणि काठावर विडी ओढत बसले, पण शिकवलं.

"तिकडं गेल्यावर एक काम कर. अलमट्टीचं बघ जरा."

अलमट्टी म्हणजे कर्नाटकातलं कृष्णेवरचं धरण. ते तुंबलं की सांगलीत पाणी चढतं, असं तात्या मानतात.

"काय बघू?"

"दारं. वेळंवर उघडत न्हाईत. आता ५१९ मीटरला अडवत्यात, ते ५२४ करणार म्हणं. म्हणजे आपण सगळ्यांनीच गच्चीवर ऱ्हायचं काय?"

"तात्या, मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आणि २०१९ च्या पुराला अलमट्टी जबाबदार नाही, असं पुराचा अभ्यास केलेल्या वडनेरे समितीनं सांगितलंय की."

"समिती हितं ऱ्हायला आलती काय?" तात्यांनी प्रश्न निकालात काढला. "तू तिकडचा मतदार होणार. आमचं तिकडं कोण ऐकणार? मतदाराचं ऐकत्यात."

म्हणजे शेजाऱ्याच्या लेखी माझ्या स्थलांतरातून दोन गोष्टी साधणार होत्या. एक, त्यांना मजला मिळणार. दोन, सांगलीला कर्नाटकात एक माणूस पेरता येणार. माझं 'चांगलं आयुष्य' या हिशोबात कुठंच नव्हतं.

तात्यांचा एक मुलगा पुण्यात, एक हैदराबादला. दोघांच्या सामानाची मापं याच टेपनं घेतली होती, हे ते जाता जाता म्हणून गेले. "टेम्पोत काय बसतंय आणि काय विकायला लागतंय, ते मला इचार. दिवाण कधी न्हेऊ नये." त्यावर मला काही बोलता आलं नाही. फ्रिज मोजल्याचा राग मात्र तेवढ्यानं कमी झालेला नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

आमच्या जिल्ह्याला परराज्यात जाण्याचं नवल नाही म्हणा. विटा, खानापूर, आटपाडीकडची निम्मी गावं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात परमुलखात आहेत. दुष्काळानं बाहेर काढलं आणि ही माणसं सोन्या-चांदीच्या भट्ट्या घेऊन तमिळनाडू-केरळपासून उत्तर प्रदेश-बंगालपर्यंत जाऊन बसली. माझा आतेभाऊ मिसरूड फुटायच्या आधी कोइमतूरला गेला. आता तमिळमध्ये भांडतो, हिशोब मराठीत करतो. त्याला फोन केला आणि माझे सगळे मुद्दे वाचून दाखवले. मी एक्सेलमध्ये तक्ता केला होता, 'जावे', 'राहावे' आणि 'शेरा' असे रकाने घालून.

तो सगळं ऐकून म्हणाला, "आम्हाला एसटीत बसल्यावर कळलं कुठं चाललोय ते. तू शेरे कसले लिहितोस?"

गावाकडं त्यानं दोन मजली बंगला बांधलाय. ग्रॅनाइटचा जिना, गेटवर सिमेंटचे दोन हत्ती. यात्रेला आणि लग्नसराईला तो येतो. एरवी त्या बंगल्यात राखणदार राहतो आणि हत्तींवर कपडे वाळत घालतो. त्या गावात संध्याकाळी गेलात तर ओळीनं असे बंगले दिसतात आणि दिवे मोजकेच. यावर कुणी चिंता व्यक्त केल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. उलट, 'पोरगं बाहेर आहे' हे लग्न जमवताना पहिल्या वाक्यात येतं.

नशीबवान म्हणायचे तर जतचे लोक. त्यांना खोकी बांधायचं कामच नव्हतं. २०२२ मध्ये कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री बोम्मई यांनी जत तालुक्यातल्या ४० गावांवर दावा सांगितला. पाण्याला वैतागून तिथल्या गावांनी पूर्वी कर्नाटकात जायचे ठराव केले होते, त्याचा दाखला देऊन. घर तिथंच, विहीर तिथंच, फ्रिज जागच्या जागी, आणि राज्य मात्र बदललेलं! मला असं कुणी दिलं तर मी आत्ता सही करतो. तसं पाहिलं तर बेळगावचं शहापूर एकेकाळी सांगली संस्थानातच होतं. आमचे आजोबा तिकडं जायचे ते 'शहापूरला जाऊन येतो' म्हणून, पिशवीत एक धोतर टाकून. 'रीलोकेशन अलाउन्स' कुणी दिला नाही आणि कुणी मागितलाही नाही.

आता मात्र कागद. मुलगी नववीत आहे. महाराष्ट्रातल्या ८५ टक्के राज्य कोट्यातून एमबीबीएसला जायचं तर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून हवी, वर डोमिसाइल. कर्नाटकाच्या कोट्यात बसायचं तर तिथं किमान सात वर्षं शिकलेलं हवं. म्हणजे आत्ता निघालो तर इथला कोटा जाणार आणि तिथला मिळणार नाही. पोरगी बरोबर निपाणीच्या टोलनाक्यावर अडकणार. तिला डॉक्टर व्हायचंच नाही, ती पक्ष्यांचे फोटो काढणार आहे; पण कोटा गेल्याचं दुःख आम्ही दोघांनी आगाऊ करून ठेवलंय.

गाडी एमएच-१०. बारा महिन्यांच्या वर तिकडं ठेवली तर तिकडचा नंबर घ्यायचा. त्यासाठी इथून एनओसी, तिकडं आयुष्यभराचा कर, आणि मग इथं भरलेल्या कराचा परतावा मागत बसायचं. एकाच देशात, एकाच डांबरावर, त्याच चार चाकांसाठी. घराचं डिपॉझिट पाच ते दहा महिन्यांचं. एका एजंटाशी फोनवर बोललो. मी सांगलीच्या सवयीनं पहिला प्रश्न विचारला, "वहाँ पानी आता है क्या?"

"चौबीस घंटा सर! कावेरी भी है, बोअर भी है, टँकर भी आता है."

"वैसा नहीं. बारिश में. घर में."

पलीकडं जरा शांतता. "सर, वो तो २०२२ में एक बार आया था."

२०२२ च्या सप्टेंबरमध्ये बेंगलोरच्या आयटीवाल्यांना ट्रॅक्टरमधून ऑफिसला जाताना सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. आम्ही तर भडंग खात पाहिलं. फ्लॅट कितव्या मजल्यावर आहे, असं विचारलं तर म्हणाला, "ग्राउंड फ्लोअर सर, बहुत कन्व्हिनियंट."

हे सगळं मी हसत सांगतोय खरं, पण मुळात माणसानं हे तक्ते करायचेच का? १९४७ साली सुरू झालेल्या विश्रामबागच्या वालचंद कॉलेजातून दरवर्षी इंजिनिअर बाहेर पडतायत, आणि पडतात ते थेट पुण्याच्या गाडीत. कवलापूरचं विमानतळ दर निवडणुकीत उड्डाण करतं आणि निकालाच्या दिवशी उतरतं. सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, बेदाण्याला आहे. माणसाला मात्र सांगलीत मिळतो तो पगार बेंगलोरात सांगितला, तर समोरचा विचारतो, "महिन्याचा ना?" चांगलं आयुष्य म्हणजे मला फार काही नकोय. महिनाअखेरीला उधारी नको आणि पावसाळ्यात नदीची पातळी बघायला रात्री उठायला नको. यातलं एक तिकडं मिळेल, दुसऱ्याबद्दल एजंट गप्प आहे.

आणि कुणीही 'नको जाऊ' म्हणत नाही, हे खरं टोचतं. पेपरवाला म्हणाला, "कधीपासून बंद करू?" दूधवाल्यानं आईपुरतं अर्धा लिटर करून टाकलं, ठरवलं कुणी, ते कळलं नाही. एक मित्र म्हणाला, "जा बाबा, सुटशील." तो स्वतः कर्जाचा हप्ता इथंच फेडतोय आणि माझ्याकडं तुरुंगातून सुटणाऱ्या माणसाकडं बघावं तसा बघत होता.

कंपनीच्या बाईंचा काल पुन्हा फोन आला. "सर, एनी कन्सर्न्स?" मी म्हटलं, शुक्रवारपर्यंत कळवतो. रात्री बायकोनं तोडगा काढला, तू राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं जा, आम्ही मुलीची दहावी होईपर्यंत इथं राहतो. मुलीला हा तोडगा एकदम पसंत पडला, हेही मी लक्षात ठेवलंय.

आई एवढंच म्हणाली, "जायचं तर जा. जायच्या आधी पाण्याची मोटर कशी लावायची ते मोठ्या अक्षरात लिहून ठेव."

बसून लिहिलं. आधी खालचा कॉक उघडायचा, हवा धरली असेल तर तांब्याभर पाणी ओतायचं, मग बटण, आवाज बदलला की लगेच बंद. पानभर झालं. आईनं चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, "टाकी भरली हे कसं कळणार?"

ते आजवर मी गच्चीवरून ओरडून सांगत आलोय. आता त्याला सेन्सर मिळतो म्हणे, टाकी भरली की मोटर आपोआप बंद. शनिवारी बघून येतो. राहिलो तरी लागणारच आहे.