गाडीला सभ्यपणा शिकवताना

माझ्याकडे 1998 सालची एक स्पोर्ट्स कार आहे. दोन दारं, दोन सीटा आणि डिकी अशी की तिच्यात एक छत्री मावते, तीही तिरकी. ही गाडी मी पळवायला घेतली, असं मी सांगतो. प्रत्यक्षात ती वर्षातले बरेच महिने कव्हरखाली झोपलेली असते आणि मी अधूनमधून तिची विचारपूस करून येतो. तिच्या धुराची चाचणी जवळ आली, की रक्तातली साखर तपासायला निघालेल्या माणसासारखं मला होतं. दोन दिवस आधीपासून पथ्य सुरू.

यंदा पथ्यानं भागणार नव्हतं. डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला होता आणि तो लागलेला असला की थेट नापास. मी डोकं चालवलं. बॅटरीची वायर काढली, थोडा वेळ थांबलो, परत जोडली. दिवा गेला! हा पराक्रम मी मेकॅनिकला फोनवर सांगितला. तो इतका वेळ गप्प राहिला, की मला वाटलं फोन कट झाला.

मग म्हणाला, "साहेब, पाटीच पुसलीत की तुम्ही."

गाडीतला कॉम्प्युटर म्हणे स्वतःच्याच तपासण्या घेतो आणि निकाल लिहून ठेवतो. वायर काढली की निकाल पुसले जातात. मग चाचणी केंद्रातलं यंत्र जोडल्यावर 'तयार नाही' असा शेरा उमटतो, आणि तिथल्या माणसाला कळतं की कुणीतरी नुकतीच वायर काढलेली आहे. कॉपी पकडायची सोय गाडी बनवणाऱ्यांनी 1998 सालीच करून ठेवली होती. शिवाय मूळ दुखणं तसंच असल्यानं चार दिवसांत दिवाही परत आला.

दुखणी दोन निघाली. एक, पेट्रोलच्या मानानं इंजिनात हवा जास्त जात होती. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते. याहून कमी मिळाली तर कार्बन मोनॉक्साइड वाढतो, जास्त झाली तर नायट्रोजनची ऑक्साइडं वाढतात. इतकी काटेकोर पथ्यं आमच्या घरात कुणी पाळत नाही. दोन, पेट्रोलची वाफ कुठूनतरी निसटत होती.

इथे मी दुसरा शहाणपणा केला. स्पार्क प्लग बदलले. ऑक्सिजन सेन्सर बदलला. एअर फिल्टर तर दोनदा बदलला, कारण तेवढा एकच भाग मला हात न भाजता काढता येतो. दिवा होता तिथेच होता. शेवटी मेकॅनिकनं एक यंत्र आणलं आणि आधी इंजिनात, मग पेट्रोलच्या टाकीच्या नळ्यांत चक्क धूर भरला. धुराच्या परीक्षेसाठी गाडीला धूर पाजतात हे मला नवीन होतं. एक धूर करंगळीएवढ्या रबरी नळीतून निघाला. नळीला हात लावला तर वाळक्या काडीसारखा तिचा तुकडा हातात आला. दुसरा निघाला पेट्रोलच्या झाकणातून.

"झाकण टक्क आवाज येईपर्यंत फिरवता ना?"

मी एअर फिल्टरकडे बघत राहिलो. झाकणाचं रबर आयुष्यभर अर्धवट दाबून दाबून वाकडं झालं होतं.

"आता ड्राइव्ह सायकल करा," तो म्हणाला.

बायको म्हणाली, "आधीच सायकल घेतली असती तर?"

ड्राइव्ह सायकल म्हणजे पाटीवर पुन्हा अक्षरं उमटवणं. गाडी रात्रभर थंड ठेवायची. टाकी पूर्ण भरलेली नको, रिकामी नको. सकाळी सुरू करून दोन-तीन मिनिटं नुसती उभी करायची. मग ऐंशीच्या आसपास एकाच वेगात न्यायची, मध्येच ॲक्सिलरेटर सोडून ब्रेक न लावता आपोआप हळू होऊ द्यायची. जोरात दाबायचं नाही, कुणाला ओव्हरटेक करायचं नाही. थोडक्यात, स्पोर्ट्स कार विकत घेण्याची जेवढी कारणं असतात तेवढी सगळी वर्ज्य. आठवडाभर रोज पहाटे मी हे व्रत केलं. मागून ट्रक हॉर्न वाजवायचे. एका स्कूटरवाल्यानं पुढे जाताना वळून माझ्याकडे जे पाहिलं, ते मी अजून विसरलेलो नाही. बायको मात्र खूश. या गाडीत डोळे उघडे ठेवून ती पहिल्यांदाच बसली होती.

चाचणीच्या दिवशी वीस मिनिटं गाडी फिरवून तापवली. सायलेन्सरच्या वाटेवरचा, धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तीनेकशे अंश तापल्याशिवाय नीट कामाला लागत नाही. रांगेतही इंजिन चालूच ठेवलं. धूर कमी असल्याचं सिद्ध करायला अर्धा तास धूर सोडत उभं राहायचं, यावर मी रांगेत बराच विचार केला.

नंबर आला. त्या माणसानं यंत्र जोडलं, मागच्या नळीत कांडी घातली. मी बाहेर उभा राहून श्वास आवरून धरला, जणू माझाही मोजणार होते. आकडे उमटले. सगळे हद्दीत. 'तयार नाही' कुठेच नाही.

त्यानं कागदावर शिक्का मारला, गाडीभोवती एक चक्कर टाकली आणि कौतुकानं म्हणाला, "छान ठेवलीय हो. फार हळू चालवता वाटतं?"

बायकोनं माझ्या वतीनं होकार दिला.