टेस्ट कायम हिरवी ठेवायची आहे?

कोड तपासणारी टेस्ट पास झाली की हिरवी, फेल झाली की लाल. दोन याद्या सारख्या आहेत का, हे तपासायला जावात एक ओळ पुरते. पण एका ओळीत भागवणाऱ्याला कोण सीनियर म्हणेल?

अ‍ॅरेपासून सुरुवात करा. 1, 2, 3 हेच आकडे असलेले दोन अ‍ॅरे असर्टईक्वल्सला, म्हणजे दोन गोष्टी सारख्या आहेत का ते तपासणाऱ्या आज्ञेला, द्या. टेस्ट लाल होईल, कारण अ‍ॅरेचा ईक्वल्स आतले आकडे बघतच नाही. दोन्हीकडे मेमरीतली एकच वस्तू आहे का, एवढंच बघतो. जेयुनिट या जावाच्या टेस्ट लिहायच्या लायब्ररीमध्ये यासाठी असर्टअ‍ॅरेईक्वल्स आहे, तिकडे वळू नका. असर्टनॉटईक्वल्स (‘सारखे नाहीत ना?’) लिहा. टेस्ट हिरवी होते आणि मग काहीही मोडलं तरी हिरवीच राहते.

लिस्टची गोष्ट वेगळी, तिथे ईक्वल्स क्रमासकट सगळं तपासतो. डेटाबेसकडून रेकॉर्ड मागवणारी तुमची क्वेरी ऑर्डर बायशिवाय, म्हणजे क्रम न सांगता, असेल, तर रेकॉर्ड कुठल्या क्रमाने येतील ते डेटाबेसची मर्जी. टेस्ट अधूनमधून फेल होईल. क्वेरीला हात लावू नका, दोन्ही लिस्ट हॅशसेटमध्ये, म्हणजे क्रम न बघणाऱ्या आणि प्रत्येक गोष्ट एकदाच ठेवणाऱ्या संचात, ओता. क्रमाची कटकट गेली! सोबत डुप्लिकेटही गेले, पण त्यांचं कोणाला पडलंय? ग्राहकाने दोन चहा आणि एक साखर मागवली, कोडने एक चहा आणि दोन साखर बिलात लावली, तरी दोन्ही सेट सारखेच. कोणी शंका काढलीच तर मूळ लिस्टची साइझही तपासून दाखवा: इकडे 3, तिकडे 3. कन्टेन्सऑल (‘तिकडचं सगळं इकडे आहे का?’) दोन्ही बाजूंनी लावलं तरी तोच निकाल, शिवाय कोड मेहनतीचा दिसतो. असर्टजे या दुसऱ्या लायब्ररीमध्ये कन्टेन्सएक्झॅक्टलीइनएनीऑर्डर नावाची आगगाडी आहे. ती क्रम सोडून देते पण चहा मोजते. रिव्ह्यूत कोणी सुचवली तर ‘नाव फार लांब आहे’ म्हणा.

त्याहून सोपं हवं असेल तर कोडने परत दिलेल्या लिस्टवर फॉर लूप फिरवा आणि असर्ट लूपच्या आत ठेवा. लिस्ट रिकामी आली की एकही असर्ट चालत नाही, टेस्ट पास.

एवढं करूनही एखादी टेस्ट फेल झालीच, तर निदान कारण तरी कळू देऊ नका. असर्टट्रूच्या कंसात ईक्वल्स टाका. दोनशे रेकॉर्डपैकी कुठलं चुकलं हे शोधायला बसलेल्या सहकाऱ्याला जेयुनिट 5 एवढंच सांगेल: ट्रू हवं होतं, फॉल्स मिळालं.